आमदारांनी विषय मांडला, उत्तर 'विचाराधीन' आलं. आता पुढे काय?

विचारणा थोडक्यात अशी आहे: 'आम्ही गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या किनारपट्टीच्या गावातले. आमच्या आमदारांनी अधिवेशनात तीन गोष्टी मांडल्या. रात्री १०८ ची गाडी उशिरा पोहोचते, किनाऱ्याजवळ अग्निशमन केंद्र नाही आणि संध्याकाळनंतर बस मिळत नाही. उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. आता गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो आमदारांनी काम केलं, दुसरा म्हणतो नुसतं बोलले. अशा प्रश्नांतून खरंच काही निघतं का? आणि आम्ही काय करावं?'

दोन्ही तटांनी जरा दमानं घ्यावं. सभागृहात विषय निघाला म्हणजे काम झालं असं नाही, आणि 'विचाराधीन' आलं म्हणजे आमदार नुसतेच बोलले असंही नाही. मी अग्निशमन आणि आणीबाणी सेवेत नोकरी केली. बरीच वर्षं केंद्रांवर काढली, मग पणजीतल्या सांतिनेजच्या मुख्यालयात आलो. तिथे अधिवेशन जाहीर झालं की एलएक्यूंची, म्हणजे आमदारांच्या विधानसभेतल्या प्रश्नांची, उत्तरं तयार करणाऱ्यांत मी असायचो. आमदाराचा प्रश्न टेबलाच्या पलीकडून कसा दिसतो ते मला ठाऊक आहे, आणि तुमचा कुठे अडला असेल याचाही बराचसा अंदाज आहे.

खात्यात प्रश्न आला की पहिल्यांदा एवढंच बघितलं जातं, यातलं आमचं किती? तीन विषय एकत्र मांडले असतील तर अर्धी हवा तिथेच गेली. १०८ आरोग्य खात्याची. बंब अग्निशमन संचालनालयाचा. बस सरकारी कदंबची असेल तर महामंडळाची, खासगी असेल तर परमिट देणाऱ्या वाहतूक खात्याची जबाबदारी. मध्ये नदी आली तर फेरीबोट नदी परिवहन खात्याची. किनाऱ्यावरचे जीवरक्षक पर्यटन खात्याच्या कंत्राटातले. गावकऱ्याला हे सगळं एकच संकट दिसतं, आणि ते तसंच आहे. पण उत्तर देणारे पाच आहेत, आणि प्रत्येकजण आपल्यापुरता परिच्छेद लिहून मोकळा होतो. शून्य प्रहरात तिन्ही विषय एका दमात बोलता येतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमीही येते. कागदावर मात्र एका प्रश्नाला एक खातं, हे धरून चालावं.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या भाषेची. 'अमुक भागात रुग्णवाहिकेअभावी लोकांचे हाल होतात हे सरकारला ठाऊक आहे काय? असल्यास कोणती पावलं उचलली?' अशा प्रश्नाचं उत्तर लिहायला आम्हाला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरायचा. पहिल्या भागाला 'नाही, महोदय', दुसऱ्याला 'प्रश्न उद्भवत नाही'. थोडी सहानुभूती असली तर 'प्रस्ताव विचाराधीन आहे'. हे उत्तर खोटं नसतं बरं का. कुणाचं तरी एक पत्र आवक झालेलं असतं, त्यावर एक टिपण असतं आणि ती फाइल कुठल्यातरी टेबलावर असते. तेवढ्यावर ती विचाराधीन ठरते. पाच वर्षं विचाराधीन राहिली तरी उत्तर खरंच.

आम्हाला घाम फुटायचा तो वेगळ्या प्रश्नाने. समजा असं विचारलं: गेल्या पूर्ण वर्षात रात्री ८ ते सकाळी ६ या वेळेत केरी, हरमल, मांद्रे आणि मोरजी या पंचायतींतून आलेले सगळे कॉल द्या, प्रत्येकाची कॉल आल्याची वेळ, गाडी निघाल्याची वेळ, जागेवर पोहोचल्याची वेळ आणि गाडी कुठल्या केंद्राची होती ते द्या. आता 'विचाराधीन' म्हणून सुटका नाही. प्रत्येक अग्निशमन केंद्रावर वॉचरूम असते आणि तिथल्या नोंदवहीत कॉल मिनिटासकट लिहिलेला असतो. सब ऑफिसर वही घेऊन बसतो, एकेक नोंद तक्त्यात उतरवतो, तो तक्ता परिशिष्ट म्हणून उत्तराला जोडला जातो. त्यात समजा अशी एक ओळ निघाली: कॉल २३.४०, निघाली २३.४२, पोहोचली ००.३१. केंद्रावरच्या माणसांनी दोन मिनिटांत गाडी बाहेर काढली, त्यांचा दोष नाही. मग मधली एकोणपन्नास मिनिटं कुठे गेली? पेडण्याची गाडी दुसऱ्या कॉलवर असल्याने म्हापशाहून आली का? रस्ता अडला होता का? घर सापडलं नाही का? इथे आमदारांना पुरवणी प्रश्न मिळतो, आणि पुरवणी प्रश्नाला मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. म्हणून हा प्रश्न तारांकित असायला हवा. अतारांकितात तक्ता मिळेल, पण पुढचं विचारता येणार नाही.

आमदार सहसा असं विचारत नाहीत. अशा प्रश्नाला टाळी नाही, हे त्याचं कारण. नव्या रुग्णवाहिकेला हिरवा झेंडा दाखवता येतो, केंद्राची पायाभरणी करता येते. 'रात्रीचा सरासरी वेळ बारा मिनिटांनी कमी झाला' याचा फोटो निघत नाही. यात आमदारांना दोष देण्यात अर्थ नाही, मतदारही गाडीच मागतात. आणि गाडी मागण्यातच खरा घोळ आहे.

एका रुग्णवाहिकेचा हिशेब करून बघा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे गाडी चोवीस तास चालती ठेवायला साडेतीन चालक, आणि रजा, आजारपण धरलं तर चारपेक्षा जास्त. तेवढेच ईएमटी, म्हणजे गाडीत रुग्णाला सांभाळणारे प्रशिक्षित कर्मचारी. एका गाडीमागे आठ-नऊ माणसांचा कायमचा पगार. गाडीचा खर्च एकदाच होतो, तो खासदार निधीतून किंवा देणगीतून निघतो. पगार कुठल्याच निधीतून निघत नाही. म्हणूनच गोव्यातल्या कितीतरी पंचायतींच्या शेडखाली कुणीतरी दिलेली रुग्णवाहिका उभी असते: चालक नाही, विमा संपलेला, फिटनेस नाही, टायर बसलेले. तुमच्या आमदारांना कुणी 'आम्ही गाडी देतो' म्हणून भेटलं तर पहिला प्रश्न हाच विचारायला सांगा, रात्री दोन वाजता ती चालवणार कोण?

लोकसंख्येच्या निकषावरही फार विसंबू नका. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा जुना ठोकताळा असा, की एक लाख लोकसंख्येमागे एक साधी रुग्णवाहिका आणि पाच लाखांमागे एक प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेली. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुका सुमारे ७५ हजारांचा. या हिशेबाने तुम्हाला पुरी एक गाडीही येत नाही! शिवाय त्या आकड्यात मोपाच्या विमानतळाने आणलेली वर्दळ नाही आणि हिवाळ्यात हरमल-मोरजीला येऊन राहणारे पाहुणे नाहीत. खात्याने लोकसंख्येचा निकष पुढे केला की तुम्ही वेळेचा निकष पुढे करायचा. आगीच्या बाबतीत केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने शहरी भागात पाच ते सात मिनिटं आणि ग्रामीण भागात वीस मिनिटं असा पोहोचण्याचा वेळ सुचवलेला आहे. याच परिषदेचा दुसरा निकष ग्रामीण भागात दर ५० चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. पेडणे तालुका अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच केंद्रं. ते कुणी देणार नाही, मागून हसं करून घेऊ नका. वीस मिनिटांचा निकष मात्र घट्ट धरा, त्यावर हसता येत नाही.

आता १०८ कडे येतो, कारण तुमचा मुख्य त्रास तोच दिसतो. ही सेवा गोव्यात २००८ पासून आहे, सरकारच्या वतीने ईएमआरआय ग्रीन हेल्थ सर्व्हिसेस ती चालवते. रात्री गाडी उशिरा आली की लोकांना वाटतं, गाड्या कमी आहेत. बऱ्याच वेळा गाडी असते, पण तालुक्यात नसते. समजा एक रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रातून बांबोळीला पाठवला. पेडण्याहून तिथलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, पस्तीसेक किलोमीटर. जाणं, कॅज्युअल्टीत रुग्ण ताब्यात देणं, स्ट्रेचर मोकळा होईपर्यंत थांबणं, गाडी पुसून घेणं, परत येणं. दोन-अडीच तास सहज जातात. तेवढा वेळ गाडी कागदावर तुमच्या तालुक्याची, प्रत्यक्षात बांबोळीच्या आवारात. त्याच वेळी मोरजीला कुणी दुचाकीवरून पडला तर दुसरी गाडी कोलवाळचा किंवा शिवोलीचा पूल ओलांडून येणार.

म्हणून आरोग्य खात्याला विचारायचा प्रश्न हा: पेडणे तालुक्यात तैनात असलेल्या १०८ च्या फेऱ्यांपैकी घटनास्थळावरून रुग्ण उचलण्याच्या किती आणि एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात नेण्याच्या किती? दर महिन्याला किती तास तालुक्यात एकही मोकळी गाडी नव्हती? या दुसऱ्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे. १०८ च्या यंत्रणेत गाडी कधी कुठे होती हे संगणकात नोंदलेलं असतं, तेव्हा 'माहिती गोळा करत आहोत' हे उत्तर इथे फार दिवस टिकत नाही. फेऱ्यांमध्ये रेफरलचा वाटा मोठा निघाला तर मागणी आपोआप बदलते: रेफरलसाठी वेगळी साधी गाडी द्या, १०८ ला तालुका सोडायला लावू नका. आणि त्याच्याही मागे जायचं तर रुग्ण बांबोळीला पाठवावाच का लागतो, तो म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा तुयेत का ठेवता येत नाही, हा विषय निघतो. तुयेच्या इस्पितळावर तालुक्यात किती वर्षं चर्चा चालली आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. तुयेत रात्री भूलतज्ज्ञ आणि सर्जन असणं हे एका रुग्णवाहिकेपेक्षा जास्त मोलाचं आहे, असं मी बंबवाला असूनही म्हणतो.

सीमेवरच्या गावांची आणखी एक भानगड आहे. केरी, पत्रादेवी, तेरेखोल या भागांत मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला तर १०८ चा कॉल महाराष्ट्राच्या केंद्रात जाऊ शकतो. तिथेही १०८ च आहे. घाबरलेला माणूस गावाचं नाव सांगतो, पलीकडच्याला ते नाव आपल्या यादीत सापडत नाही, आणि पाच मिनिटं जातात. गावात सगळ्यांना एवढं शिकवून ठेवा की फोन लागला की पहिलं वाक्य 'गोवा, पेडणे तालुका' हे. यासाठी आमदार लागत नाहीत.

घर न सापडण्याचंही तसंच. 'देवळाकडून वर या, मग वडाकडे उजवीकडे' हे आपल्याला कळतं. रात्री पावसात, दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या चालकाला कळत नाही. मी स्वतः बंबात बसून वाड्या-वाड्यांतून हाका मारत घरं शोधली आहेत. प्रत्येक फाट्यावर वाड्याच्या नावाची, रात्री चमकणारी पाटी लावणं हे पंचायतीचं काम, खर्च किरकोळ. ग्रामसभेत ठराव घ्या आणि कार्यवृत्तात तो नीट लिहिला गेला की नाही ते पुढच्या रविवारी वाचून घ्या, कारण न लिहिलेला ठराव झालाच नाही असं धरलं जातं.

अग्निशमन केंद्राच्या मागणीबद्दल जरा खोलात जातो, ते माझं क्षेत्र.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागून २५ माणसं गेली, ते सगळ्यांना आठवतंय. वाट अरुंद असल्याने बंब दूरच थांबवावे लागले. ही घटना शेजारच्या बार्देश तालुक्यातली असली तरी आश्वे-मांद्रे-हरमलच्या पट्ट्यात याहून वेगळं चित्र नाही: झावळ्यांची छपरं, लाकडी खोल्या, प्रत्येक खोलीला गॅस आणि एसीचं ओढूनताणून दिलेलं कनेक्शन, दोन्ही बाजूंनी भाड्याच्या दुचाक्या लावलेली एक गल्ली. मोठा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो, वळायला त्याहून बरीच जास्त जागा लागते. वाटेत नेमकं काय आडवं येतं ते सांगतो. देवळाची किंवा मंडळाची सिमेंटची स्वागत कमान, जी सजवताना कुणी बंबाची उंची विचारात घेतलेली नसते. खाली लोंबणाऱ्या इंटरनेटच्या केबली. जुना साकव, ज्यावर पाण्याने भरलेल्या बंबाचा भार चालेल की नाही हे कुणी सांगत नाही. आणि शेवटच्या वळणावर कुणाचा तरी कुंपणाचा दगडी खांब, बरोबर रस्त्याच्या कडेला. नवं केंद्र हाकेच्या अंतरावर बांधलं तरी हा खांब तिथेच राहणार आहे.

त्यामुळे केंद्राआधी एक काम करून घ्या. पेडणे केंद्राच्या अधिकाऱ्यांना पंचायतीमार्फत लेखी विनंती करा की बंब घेऊन गावात एक चाचणी फेरी मारावी. ते नाही म्हणत नाहीत, केंद्रावरच्या लोकांनाही रस्ते माहीत करून घ्यायचे असतात. सोबत पंच आणि वीज खात्याचा माणूस असू द्या. बंब जिथे अडेल तिथे फोटो काढा, अंतर मोजा, यादी करा. ही यादी आमदारांच्या हातात दिलीत तर तो विधानसभेत मांडायचा विषय होतो: या सतरा जागी बंब जात नाही, त्यांतल्या किती जागांपलीकडे व्यावसायिक आस्थापनं चालतात आणि त्यांना अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला आहे का? (सतरा मी आपले उगाच घातले, तुमच्या यादीत जेवढ्या येतील तेवढ्या लिहा.) एवढा नेमका प्रश्न आला की पंचायत, नगरनियोजन आणि अग्निशमन या तिघांना आपापली फाइल उघडावी लागते.

नवं केंद्र मागायचंच असेल तर जमिनीपासून सुरुवात करा. खात्याकडे प्रस्ताव नसतो असं नाही, जागा नसते. किनारपट्टीत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, बाकी कोमुनिदादची (जुन्या गावसंस्थेची) किंवा वादातली जमीन. जागा ठरल्याशिवाय इमारतीचा अंदाज होत नाही, इमारतीशिवाय पदं मंजूर होत नाहीत, पदांशिवाय वित्त खातं हात लावत नाही. याला वर्षं लागतात. तोवर मधला मार्ग आहे. पर्यटनाच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, एखाद्या सरकारी आवारात छोटा बंब आणि पाच-सहा जणांची पाळी उभी करता येते. माझ्या मते तुमच्या आमदारांनी पूर्ण केंद्र मागण्यापेक्षा हे मागावं. पदं नवी लागत नाहीत, तात्पुरत्या नेमणुकीवर भागतं, आणि दोन हंगामांचे कॉल वहीत चढले की कायमच्या केंद्राचा पुरावा तयार होतो.

मोपाच्या विमानतळावर एवढे बंब उभे आहेत, ते का वापरत नाहीत, असं कुणी ना कुणी म्हणतंच. विमानतळाच्या अग्निशमन दलाची ठरावीक ताकद आवारात नसेल तर त्या दर्जाची विमानं उतरवता येत नाहीत. मोठ्या प्रसंगी ते मदतीला येऊ शकतात. रोजच्या कॉलसाठी त्यांच्यावर विसंबता येणार नाही. हा मुद्दा आमदारांनी सभागृहात काढला तर मंत्री एका वाक्यात उडवून लावतील आणि बाकीचा चांगला प्रश्नही वाहून जाईल.

पावसाळ्याचं गणित वेगळं. तेव्हा आमच्या कॉलपैकी मोठा हिस्सा झाडं पडल्याचा. वडाची फांदी रस्त्यावर, तीही विजेच्या तारा घेऊन. लाइनमन येऊन लाइन बंद झाल्याची खात्री करेपर्यंत चेनसॉ लावता येत नाही, आणि त्याला दहा ठिकाणांहून बोलावणं असतं. बंब तिथे अडकून, मागे कदंब अडकून, तिच्या मागे १०८ अडकून. मालपेला महामार्गावर दरड आली तर विचारूच नका. मामलेदार मान्सूनपूर्व बैठक साधारण मे महिन्यात घेतात. वाकलेल्या झाडांची यादी सरपंचांनी त्या बैठकीत द्यावी आणि पोच घ्यावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिथे पोच घेतलेल्या कागदाला वजन असतं. जून उजाडल्यावर दिलेल्या यादीला नसतं.

गाडी येईपर्यंतच्या वेळेचं काय, हेही तुमच्याच हातात आहे. आपदा मित्र योजनेत गावातल्या तरुणांना प्रशिक्षण मिळतं. तुमच्या गावातून कुणी घेतलं आहे का ते बघा, नसेल तर आमच्या खात्याला लिहा. अपघातग्रस्ताला उचलायला लोक अजून पोलिसांच्या भीतीने कचरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी जबाबदारीतून संरक्षण आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. हे दोन्ही पंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कोकणीत लावा.

आता बस. आमदारांच्या तीन विषयांत हा सगळ्यात हलका वाटतो, म्हणून शेवटी टाकतात. मला तो पहिला वाटतो. शेवटची बस गेली की कारखान्यातून, हॉटेलातून सुटणारी पोरं दुचाकीवर येतात. थकलेली, कधी तीन-तीन एका गाडीवर, अंधाऱ्या रस्त्याने. रात्रीच्या अपघाताच्या कॉलला गेल्यावर जखमी माणूस कुठून येत होता हे विचारलं की पुष्कळदा 'ड्युटीवरून' हेच उत्तर मिळायचं. दुसरीकडे म्हातारी माणसं. सकाळच्या ओपीडीला पोहोचेल अशी बस नाही, म्हणून तपासणी पुढे ढकलतात, आणि मग एका रात्री छातीत कळ येते नि १०८ ला फोन जातो. बस वेळेवर असती तर यांतले काही कॉल आलेच नसते. म्हणून मी म्हणतो, बसचा विषय आरोग्याच्या प्रश्नाला चिकटवू नका, वाहतूक खात्याला वेगळा विचारा, पण त्याचं कारण म्हणून अपघातांचा तक्ता जोडा.

खासगी बसच्या बाबतीत तुमच्याकडे हत्यार आहे आणि ते कुणी वापरत नाही. प्रत्येक परमिटला वेळापत्रक जोडलेलं असतं. संध्याकाळची शेवटची फेरी आणि रविवारची फेरी त्यात असते, मालक ती मारत नाही, कारण प्रवासी कमी आणि डिझेल महाग. माहितीच्या अधिकारात तुमच्या मार्गावरच्या सगळ्या परमिटांची वेळापत्रकं मागा, तीस दिवसांत मिळायला हवीत. मग स्टॉपवर एक वही ठेवा. कॉलेजच्या मुलांना सांगा, कुठल्या दिवशी कुठली फेरी आली नाही ते बसच्या नंबरासह लिहा. दोन महिन्यांची वही आणि वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवलं की तक्रार तयार. परमिटच्या अटी मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ८६ खाली परमिट निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. खातं एवढ्या टोकाला क्वचितच जातं, नोटीस मात्र काढतं, आणि नोटीस गेली की फेरी बऱ्याचदा सुरू होते. मालकाला फेरी खरोखरच परवडत नसेल तर 'म्हजी बस' योजनेत किलोमीटरमागे मोबदला घेऊन कदंबखाली ती चालवता येते का, हे आमदारांनी विचारावं. मालकांना शत्रू करून रात्रीची बस मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

अधिवेशनात मिळालेल्या उत्तराचं पुढे काय करायचं? मंत्र्यांनी सभागृहात 'बघतो', 'करून देतो' असं म्हटलं असेल तर ते कामकाजाच्या नोंदीत आलेलं असतं. सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे, आमदार तिच्याकडे पाठपुरावा करू शकतात. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या खात्याच्या मागण्या चर्चेला येतील तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याची सूचना, देता येते, आणि पैशाची तरतूद झाली का हे तिथेच कळतं. विरोधी आमदार असेल तर तो हे करतोच. सत्ताधारी असेल तर त्याला सभागृहात ताणता येत नाही, पण मंत्र्यांच्या केबिनमध्ये तोच तक्ता ठेवता येतो, आणि खरं सांगायचं तर तिथे तो जास्त लवकर चालतो. तुमच्या तालुक्यात पेडणे आणि मांद्रे असे दोन मतदारसंघ आहेत. रुग्णवाहिका आणि बंब ही सीमा पाळत नाहीत. दोन्ही आमदारांनी एकच तक्ता घेऊन वेगवेगळ्या खात्यांना प्रश्न टाकले तर उत्तरं लिहिणाऱ्याची फार पंचाईत होते.

एक विषय तुम्ही विचारला नाही, तरी आमदारांच्या कानावर घालाच. तेरेखोल गाव नदीपलीकडे आहे. केरीची फेरीबोट नसेल तर तिथे रस्त्याने जायला महाराष्ट्रातून फिरून जावं लागतं. रात्री फेरीबोट कुठल्या धक्क्याला बांधलेली असते, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, कुठे झोपतो, त्याला कुणी आणि कोणत्या नंबरवर उठवायचं, रुग्णवाहिका आली तर बोट काढायचा लेखी आदेश आहे का, हे नदी परिवहन खात्याला विचारायला अधिवेशनाची वाट बघावी लागत नाही. आमदारांच्या लेटरहेडवर आजही पत्र जाऊ शकतं, प्रत मामलेदारांना आणि १०८ च्या केंद्राला.

प्रश्नांचा मसुदा झाला की मला पाठवा, कुठल्या वाक्याला 'उद्भवत नाही' येईल ते खूण करून परत देतो. पण आधी बसची वही सुरू करा, आणि रविवारच्या फेऱ्या सोडू नका.